मटकीतले गणंग

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वाकडं आहे. शाळा चौथीत सुटली. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आज मोड आलेल्या मटकीतून गणंग वेचत होते. एकच फडकं, एकच पाणी, एकच ऊब, तरी काही दाणे खड्यासारखे टणक राहतात. माझी सुमी एकोणीस वर्षांची आहे, पण चौथीतली दिसते. डॉक्टर म्हणाले होते, "ताई, मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. बाळ पोटात असतानाच तिथल्या पेशी वाढीचा रस करायला शिकतात. हिच्या नाही शिकल्या."

"माझं काही चुकलं का?"

"नाही हो."

चुकलं असतं तर बरं झालं असतं. काहीतरी सुधारता आलं असतं.

गणंग टाकायला उठले, तर सुमी म्हणाली, "आई, राहू दे ना. आळशी असतील बिचारे. अजून एक रात्र दे त्यांना."

मी फडकं पुन्हा ओलं करून बांधलं.

तिची इंजेक्शनं उशिरा सुरू झाली. सुमी थोडी वाढली, मग हाडांची टोकं जुळली, आता उंची वाढायची नाही म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनं बंद केली. दाराच्या चौकटीवरची तिच्या उंचीची रेघ तेव्हापासून तिथेच आहे. इंजेक्शनांसाठी बचत गटातून घेतलेले पैसे मात्र आज पुरते फिटले.