उमापूरची नवरी, तलवाड्याची पत्रिका

वडवणीत लग्नपत्रिका छापणारी नाजिया कामाला चोख. तिच्या कॉम्प्युटरात प्रत्येक गावातल्या प्रत्येक लग्नाचं वेगळं फोल्डर, आणि प्रत्येकात फोटोचं नाव मात्र एकच: ‘नवरी’. आठ वर्षं बिनघोर चाललं. मग नवा कॉम्प्युटर आला, आणि तलवाड्याच्या मुक्ताबाईंना पडद्यावर लेकीच्या पत्रिकेत भलतीच पोरगी दिसली.

“ही कोण गं? माझी वनिता कुठं हाय?”

“ही उमापूरची, मावशी. बसा जरा.”

“बसू कशाला? चारच्या गाडीनं जायचंय, उद्या पत्रिका वाटायच्यात!”

कॉम्प्युटर जोडून देणारा अशफाक म्हणाला, “आपा, सगळ्या फोटोंची नावं बदला.”

“हजार फोटोंची? तूच बस बदलत!”

नाजिया सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शिरली. फोटो कुठं कुठं शोधायचा याची यादी तिथं होती आणि अशफाकनं उमापूरच्या एका लग्नाचं फोल्डर सगळ्यात वर टाकलेलं. तिनं ते काढलं आणि ठरवून दिलं, की पत्रिका ज्या फोल्डरात असेल तिथंच आधी शोधायचं.

पत्रिका पुन्हा उघडली. वनिताच होती.

“पण सगळ्यांचं नाव एकच कावून ठेवतीस?”

“नवरीला नवरीच म्हणणार ना, मावशी!”

छापून निघालेल्या पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून मुक्ताबाई चारच्या गाडीत बसल्या, तीही खिडकीशी.