माझं नाव पुकारलं तेव्हा

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांचा संसार आहे, एकमेकांच्या घोरण्यापासून गोळ्यांच्या वेळांपर्यंत सगळं ठाऊक आहे, पण हे नाही. माझ्या दिल्लीतल्या स्वीय सहायकाला, जोशींना, संशय असावा. ते बोलत नाहीत. त्यांच्या नोकरीत न बोलण्याचाच पगार मिळतो. मग तुम्हालाच का सांगते आहे? खरं तर मलाही नीट कळलेलं नाही. सांगायला बसले आहे, एवढं खरं.

मी खासदार आहे. त्याआधी नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. बोलणं हा माझा धंदाच. माझ्या तासाला मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पेंगायची नाहीत, आणि त्याचा मला तोरा होता — अजूनही असेल. निवडणुकीला उभी राहिले तेव्हा समोर जुने खासदार होते. दिल्लीत त्यांनी तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मी प्रत्येक सभेत त्यांना मौनीबाबा म्हणायचे. कंधारच्या सभेत तर ओठांवर बोट ठेवून, डोळे मिटून त्यांची नक्कल करून दाखवली. लोक पोट धरधरून हसले. मी म्हटलं, मला पाठवा, मी तिथे ठणकावून बोलेन. त्यांनी पाठवलं.

खासदाराचा आठवडा कसा असतो ते बाहेरून कळत नाही. अधिवेशन चालू असलं की रविवारी हैदराबाद गाठायचं, तिथून दिल्ली. मग समित्यांच्या बैठका, सभागृह, मंत्रालयांत खेटे. त्यात मतदारसंघातली माणसं हातात चटणीची पुडी आणि अर्ज घेऊन दारात. कुणाला रेल्वेचं रिझर्वेशन पक्कं करून हवं, कुणाला संसद बघायचा पास, कुणाला नुसता फोटो. शुक्रवारी दुपारी परत पळायचं, कारण शनिवार-रविवार लग्नं आणि सांत्वनाच्या भेटी. आमच्याकडे खासदार दिल्लीत काय बोलला हे कुणी विचारत नाही फारसं, पण अक्षतांना आला नाही हे जन्मभर लक्षात ठेवतात. एका मांडवातून निघायचं, गाडीत चेहरा बदलायचा आणि दुखवट्याच्या घरी उतरायचं. मला ते जमायला लागलं होतं. बरं जमायला लागलं होतं — हे आता म्हणताना कसंसंच होतं.

ज्या आठवड्याचं हे सांगते आहे, त्याच्या आदल्या रविवारी सुनीता माझ्या नांदेडच्या ऑफिसात आली. कंधार तालुक्यातली. सासऱ्यांना घेऊन आली होती. तिचा नवरा बालाजी आखातात वेल्डर होता. त्याच्या पायांवर सूज यायला लागली होती, तिथल्या डॉक्टरनं मूत्रपिंडाचं सांगितलं होतं, आणि मालक पासपोर्ट देत नव्हता. करार संपेपर्यंत सोडणार नाही म्हणत होता. त्याआधी मी त्याच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाला एक पत्र पाठवलं होतं. प्रकरण विचाराधीन आहे, असं उत्तर आलं होतं. सुनीता रडली नाही. तिनं मोबाइलवर त्याच्या पायांचा फोटो दाखवला आणि पुन्हा पिशवीत ठेवला.

मी काय म्हटलं? म्हटलं, या आठवड्यात सभागृहात बोलते. नाव घेऊन बोलते. टीव्ही लावून बस. तो माझा सभेतला आवाज होता, मला तेव्हाही कळलं. सासरे हात जोडून उठले.

मंगळवारी पाण्याच्या प्रश्नावरच्या चर्चेत मला थोडा वेळ मिळाला. मी हिंदीत बोलले. माझी हिंदी म्हणजे नांदेडच्या बाजारातली हिंदी. भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी, शेजारच्या खालाजानशी मी जन्मभर तीच बोलले, आणि तिथे ती कुणाला खटकली नव्हती. 'हमारे उधर के लोगां' असं मी म्हटलं आणि समोरच्या बाकांवरून कुणीतरी 'लोगां' असं हळूच परत म्हटलं. हसू पसरलं. दुष्ट हसू नव्हतं ते. आमच्याच पक्षाचेसुद्धा हसले. मी वाक्य पुरं केलं, पण कसं केलं ते आठवत नाही. नंतर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सदस्यानं पाठीवर थाप मारून, 'और, लोगां कैसे हैं?' असं विचारलं. मीही हसले. कान तापले होते.

मराठीच्या बाईला भाषेवरून हसले. तुम्हाला हे लहान वाटेल. लहानच आहे. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते.

बुधवारी संध्याकाळी कळलं की गुरुवारच्या शून्य प्रहरात माझा नंबर लागलाय. प्रश्नोत्तरं संपल्यावर ज्यांचा नंबर लागतो ते एकेक करून उठतात, दोन-तीन मिनिटांत आपलं तातडीचं म्हणणं मांडतात, तो शून्य प्रहर. जोशी म्हणाले, ताई, मराठीत बोला, आत्ता कळवलं तर दुभाष्याची सोय होते. सोपी गोष्ट होती. मी म्हटलं, नको. का? कारण कंधारला मी छाती काढून सांगितलं होतं की दिल्लीला दिल्लीच्या भाषेत सुनावीन. दुभाष्या मागणं म्हणजे काल हसणाऱ्यांचं खरं ठरवणं, असं मला वाटलं. मी हिंदीत लिहून काढलं, जोशींकडून 'लोगां' वगैरे साफ करून घेतलं आणि आरशासमोर पाठ केलं. बालाजीचे पाय, पासपोर्ट, सगळं त्यात होतं.

गुरुवारी मी जागेवर बसले. एकामागून एक नावं पुकारली जात होती. माझ्याआधी दोघंच राहिले तेव्हा समोरच्या बाकावरून परवा 'लोगां' म्हणणारा तो माणूस माझ्याकडे बघून हसला. कदाचित ओळखीचं हसला असेल. माझ्या तोंडाला कोरड पडली. पाठ केलेलं पहिलं वाक्य डोक्यातून गेलं. मी उठले — पाणी पिऊन येते, असं स्वतःला सांगत उठले — आणि लॉबीतून थेट स्वच्छतागृहात गेले.

मी बेसिनपाशी हात धूत होते. बाहेर लॉबीतल्या टीव्हीवरून माझं नाव ऐकू आलं. पुन्हा एकदा आलं. मी नळ बंद केला नाही. साबण पुन्हा घेतला. मग पुढच्या सदस्याचं नाव आलं आणि त्यानं बोलायला सुरुवात केली, उसाबद्दल काहीतरी. तेव्हा मी नळ बंद केला.

हेच ते. पण हे अर्धंच आहे.

मी बाहेर येते न येते तोच सुनीताचा फोन आला. गावात ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर सगळे जमले होते, मागून माणसांचा गलका ऐकू येत होता. ती म्हणाली, "ताई, तुमचं नाव घेतलं की वो दोनदा. तुमी दिसला न्हाई. कुटं होता?" रागानं नाही, काळजीनं विचारलं तिनं — मला काही झालं की काय, या काळजीनं. आणि माझ्या तोंडून निघालं, अगदी सहज, एक क्षणही न अडखळता, की मी मंत्र्यांकडे गेले होते. तुझ्याच कामासाठी. ऐनवेळी त्यांनी बोलावलं, मग सभागृह सोडून गेले. त्यांनी लक्ष घालतो म्हणून सांगितलंय.

बघा, इथे मला शब्द सापडले. इथे कोरड नव्हती.

ती म्हणाली, "मग बोलण्यापरिस ह्येच बरं झालं, ताई." मागे तिनं कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोनमधून टाळ्या ऐकू आल्या मला.

खोटं खरं करायला वेळ होता. हे मला लपवायचं नाही. मंत्र्यांचं कार्यालय त्याच इमारतीत होतं. त्या दुपारी जाऊन बसता आलं असतं, शुक्रवारी सकाळी जाता आलं असतं. गुरुवारी समितीची बैठक होती. शुक्रवारी मी विमान पकडलं, कारण शनिवारी चाकूरला आमच्या एका मोठ्या कार्यकर्त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि तिथे सगळे नेते येणार होते. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मी म्हटलं. पुढच्या आठवड्यात आणखी काहीतरी निघालं. मी एक स्मरणपत्र मात्र पाठवलं. पत्र पाठवणं सोपं असतं, त्यात तोंड दिसत नाही.

चाकूरच्या मांडवात मंगलाष्टकांआधी माइकवाल्यानं माझं स्वागत केलं. म्हणाला, कंधारच्या लेकरासाठी सभागृह सोडून थेट मंत्र्याला गाठणाऱ्या आपल्या ताई. गोष्ट तिथवर पोचली होती. मांडवानं टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. मान थोडी खाली घातली — विनय म्हणून. ती मान मला अजून आठवते.

बालाजी तिथेच गेला. त्याचा देह आणायला मात्र मी धावपळ केली, खरोखरची, रात्रंदिवस, आणि त्या वेळी प्रत्येक साहेबाशी फोनवर माझ्याच हिंदीत भांडले. कुणीही हसलं नाही. हैदराबादहून गाडी आली तेव्हा मी गावाच्या वेशीवर उभी होते. त्याचंही लोकांनी कौतुक केलं.

दहाव्यानंतर मी सुनीताच्या घरी गेले. सतरंजी टाकलेली, बायका भिंतीला टेकून बसलेल्या. सासऱ्यांनी मला पाणी दिलं. सुनीता माझ्याजवळ बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागली. मला वाटलं, आता काही विचारेल. ती माझी बाजू घेत होती. ती म्हणाली,

"त्यानंबी तिकडं मोबाइलवर लावलं होतं, ताई. खोलीतली सगळी पोरं जमवून बसला होता, आमच्या ताई बोलणार म्हणून. तुमी दिसला न्हाई तर लई हिरमुसला. मग मी सांगितलं, ताई मंत्र्याकडं गेल्या. लई खूश झाला. खोलीवरची पोरं म्हणत होती, उद्या तुला उचलून आपल्या वकिलातीत घेऊन जातो, दारातच बसू. ह्यो म्हणला, आता कशाला, मंत्र्याचा माणूस हितंच येईल. त्यो वाट बघत राहिला. तुमच्यावर लई भरवसा होता त्याचा."

मी काय केलं असेल? मी तिचा हात हातात घेतला. म्हटलं, आपल्या हातात नसतं गं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग कुणीतरी चहा आणला आणि मी तो प्यायले, पूर्ण, कारण दुखवट्याच्या घरचा चहा टाकत नाहीत.

मी बोलले असते तर तो वाचला असता का? हा प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारला आहे. तो माझ्या सोयीचा प्रश्न आहे, हेही मला कळतं. न बोलणं वेगळं होतं. नुसती गप्प बसले असते तर पोरांनी त्याला वकिलातीत नेलं असतं. त्याला खोलीत थांबवलं ते माझ्या बोलण्यानं. मौनीबाबांनी असं कुणाला थांबवलं नव्हतं.

आता मी सभागृहात बरी बोलते. मराठीत बोलते, आधी कळवून, आणि हिंदीत बोलले तर 'लोगां'सकट बोलते. वर्तमानपत्रांत फोटो येतो. सुनीता दरवर्षी राखी पौर्णिमेला येते, माझ्या नवऱ्याला राखी बांधते, माझ्या पाया पडते. मी तिला उठवते. ती म्हणते, तुमी होता म्हणून निदान कुणीतरी होतं.

मी नव्हते, सुनीता. मी मंत्र्यांकडे गेलेच नव्हते. मी हात धूत होते.