सईदभाईंचा ‘नो प्रॉब्लेम’

बावीस वर्षं आखातात काढून सईदभाई इंग्रजी शिकले ते एवढंच: ‘नो प्रॉब्लेम’. पगार लांबला, नो प्रॉब्लेम. ईदला सुट्टी नाही, नो प्रॉब्लेम. शेवटी बांधकामाच्या परांचीवरून पाठीवर आपटले, फोरमन धावत आला, तर हा भला माणूस उठून बसला आणि तेच म्हणाला. मग काय, गाडी दवाखान्यात जायची ती कामगारांच्या कॅम्पवर गेली. सकाळी पाय उचलेनात. आता बोला.

तेव्हापासून ते रोह्याच्या घरात चाकांच्या खुर्चीवर आहेत. घर बापजाद्यांचं. पावसाळ्यात गल्लीत नदीचं पाणी शिरतं म्हणून जोतं कमरेएवढं उंच. पुरापासून घर वाचवणाऱ्या त्याच जोत्यानं घरमालकाला आत कोंडून ठेवलं. खुर्ची खाली उतरवायला दोन धट्टीकट्टी माणसं लागतात. शेजारचा नितेश हात लावायचा, पण त्याची धाटावच्या कंपनीत शिफ्ट. दमून आलेल्या माणसाला रोज किती हाका मारायच्या?

मुनीरा, त्यांची बायको, शिवणकाम करून घर चालवत होती. सईदभाई ताटावर बसले की घास गिळताना खाली बघायचे. अशात मुनीराचा मावसभाऊ तमीम एक दिवस आला. एसटी स्टँडसमोर त्याचं मोबाइलचं दुकान. म्हणाला, “भाईजान, माझ्या गल्ल्यावर बसा. भरवशाचा माणूस मला पायजेच हाय. फक्त येणं-जाणं तुमचं तुम्ही बघा, न्यायला-आणायला मला जमायचं नाय.” त्या दिवसापासून सईदभाई रोज दाढी करू लागले. जोतं तेवढं उतरता आलं पाहिजे, बस्स, दुसरं काही मागणं नव्हतं.

आणि त्याच हिवाळ्यात नगरपालिकेच्या कुठल्याशा योजनेत पोर्तुगालच्या एका विद्यापीठातली आठ पोरं-पोरी आली. यांचे वाडवडील एके काळी रेवदंड्याला तोफा घेऊन उतरले होते, ही मंडळी फावडी घेऊन आली. बॅनरवर लिहिलं होतं, ‘शाश्वत व सर्वसमावेशक शहर’. मराठीत होतं, तरी गल्लीत कुणाला कळलं नाही. सईदभाईंची भाची खुशनुमा कॉलेजात शिकते, ती दुभाषी झाली. तिनं सोपं करून सांगितलं, “मामू, तुमच्या दारातून रस्त्यापर्यंत उतार बांधणार हायत.” सईदभाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. रडले असावेत.

पोरं कामाला वाघ निघाली, खोटं कशाला बोला. उन्हात लाल होऊन सिमेंट कालवायची. मुनीरा त्यांना तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं कालवण वाढायची, ती नाकातून पाणी गाळत खायची. त्यांच्यातली इनेश नावाची उंच पोरगी सईदभाईंच्या मागेमागे असायची. ऊन लागतं का, पाणी हवं का, विचारलं की ती त्यांच्यासारखी मान हलवून म्हणायची, “नो प्रॉब्लेम.” बघता बघता ते आठही जणांच्या तोंडी बसलं. शेवटी त्यांनी उताराच्या कठड्यावर तेच शब्द निळ्या रंगात रंगवले.

उतार मात्र चुकला होता. गल्ली अरुंद, जोतं उंच, म्हणून तो आखूड आणि उभा झाला. वरून खुर्ची सुटली तर सरळ समोरच्या उघड्या गटारात. पहिल्या दिवशी चौघांनी खुर्ची धरून त्यांना खाली नेलं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. मग इनेश त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि खुशनुमाला एकेक शब्द नीट सांगायला लावला, “सईद, तुम्ही एकटे ये-जा करू शकाल का? खरं सांगा. आम्ही अजून चार दिवस आहोत, सिमेंटही आहे. भिंतीच्या कडेनं वळवून उतार लांब करता येईल. गरज नसेल तर सगळं सामान उद्या पेणच्या गल्लीला जाईल.”

खुशनुमा हळूच म्हणाली, “मामू, सांगून टाका. लय उभा हाय.”

सईदभाईंनी इनेशचे हात बघितले. तळव्यांना फोड आले होते, दोन बोटांना पट्ट्या. परक्याची पोर आपल्या दारात राबली, तिला कसं म्हणायचं की बाई, तोडून परत बांध? “नो प्रॉब्लेम,” ते म्हणाले. खुशनुमानं तोंड उघडलं तर त्यांनी डोळे वटारले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो सिमेंट घेऊन पेणच्या दिशेनं गेला.

सोमवारी सईदभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला. मुनीरा शिवलेले कपडे द्यायला गेली होती, तिच्यासाठी ते थांबले नाहीत. एकटं जायचं तर एकटंच. अर्ध्या उतारावर चाकं हाताला जुमानेनात, तळवे सोलवटले आणि खुर्ची गटारात गेली. रातपाळीवरून आलेल्या नितेशनं त्यांना बाहेर ओढलं. हाड मोडलं नाही, एवढंच. शर्ट मुनीरानं तीनदा धुतला, तरी वास गेला नाही.

तमीम बघायला आला, चहा प्याला, उताराकडे नजर टाकली आणि इकडचं तिकडचं बोलून गेला. पुढच्या आठवड्यात त्यानं गल्ल्यावर प्रवीण नावाचा पोरगा बसवला. त्याचंही काय चुकलं? खुशनुमा नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन आली. तिला सांगितलं, तुमच्या गल्लीचं काम झालंय, फोटोसकट. सईदभाईंनी दाढी करणं सोडलं. मुनीरा उतारावर वाल वाळत घालू लागली.

मार्चमध्ये एका दुपारी इनेशचा व्हिडिओ कॉल आला. तिच्यामागे मोठा हॉल भरलेला, पोरंच पोरं. रोह्याचं काम ती सगळ्यांना दाखवत होती. “सईद! शॉप? गुड?”

सईदभाई दाढीवरून हात फिरवत हसले. “नो प्रॉब्लेम.”

मुनीरानं त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. तिला इंग्रजी येत नाही, पण त्या दोन शब्दांतला एक तिला चांगला ठाऊक होता. “प्रॉब्लेम,” ती म्हणाली. “प्रॉब्लेम हाय, गो बाय. लय प्रॉब्लेम.” पुढचं सांगायला शब्द नव्हते, म्हणून तिनं फोन दाराबाहेर उताराकडे धरला.

तिकडे पडद्यावर कठड्यावरची निळी अक्षरं दिसली असणार. सगळा हॉल एका सुरात ओरडला, “नो प्रॉब्लेम!” खूप टाळ्या झाल्या. इनेशनं दोन्ही हातांनी चुंबनं पाठवली आणि फोन बंद झाला.

“असू दे,” सईदभाई म्हणाले. “लांबची पोरं हायत, कशाला त्यांचं मन मोडायचं?”

मुनीराला त्या पोरांचा राग आला नाही. नवऱ्याचा आला, इतका की त्याच्यासमोर उभं राहवेना. ती बाहेर उतारावर जाऊन बसली. वाल खालून अजून ओले होते. ती ते उलटवत राहिली.