पावतीवर नाव कोणाचं

१९९४ च्या मार्चमध्ये ग्रामपंचायतीने आमच्या घराचा नळ तोडला. घरपट्टी चार वर्षांची थकली होती. गाव मंठा तालुक्यातलं. घर आजोबांच्या नावावर होतं आणि ते वारले होते. अर्ध्या घरात आम्ही राहायचो, अर्ध्यात काका. वाटणीवर दोघा भावांचं एकमत नव्हतं, म्हणून वारसांची नोंदही झाली नव्हती.

पैसे नव्हते असं नाही. वडील शिक्षक होते, काकांचं किराणा दुकान होतं. पट्टी भरायला दोघेही तयार होते. अडचण पावतीची होती. पावतीवर मालकाच्या नावाखाली ‘हस्ते’ असं छापलेलं असायचं. पैसे आणून देणाऱ्याचं नाव तिथे लिहीत. ज्याच्या हातच्या पावत्या जास्त, पुढे घर त्याचं, असं गावात धरून चालत. पहिल्या वर्षी वडील भरायला गेले, काकांनी हरकतीचा अर्ज दिला. दुसऱ्या वर्षी काका गेले, वडिलांनी अर्ज दिला. ग्रामसेवकाने दोन्ही अर्ज फायलीला लावले आणि पैसे कोणाचेच घेतले नाहीत.

नळ गेल्यावर आई आणि काकू शाळेजवळच्या हापशावरून पाणी आणू लागल्या. नवऱ्यांचं बोलणं बंद होतं. या दोघी बरोबरच जात.

“जाऊबाई, मालक कोण व्हायचं ते होऊ द्या,” काकू एकदा हंडा उतरवताना म्हणाली. “पाणक्या आपण दोघी पक्क्या झालो.”

आई हसली नाही. तिची कंबर धरली होती. तिनेच घनसावंगीला निरोप पाठवला. तिथे वडिलांची थोरली बहीण दिलेली होती.

आत्या आली आणि तिने दोघा भावांना ओसरीवर समोर बसवलं.

“पावतीनं घर भेटतं का रे? मंग ग्रामसेवकाकडं तर पुस्तकंच्या पुस्तकं हायेत.”

“आक्का, तुला न्हाई कळायचं ते,” काका म्हणाले.

“बराबर. मंग माझ्या हातानं भरा. मला कुठं काय कळतंय.”

लग्न होऊन गेलेली बहीण घर मागत नाही, हेही गावात धरूनच चालत. निम्मे पैसे वडिलांनी दिले, निम्मे काकांनी. आत्याने पंचायतीत भरणा केला आणि पावती पिशवीत ठेवली. चौथ्या दिवशी नळ जोडला गेला.

त्यानंतर दर मार्चला ती घनसावंगीहून येई, दोघांकडून पैसे घेई आणि पट्टी भरून परत जाई. गुडघे दुखायला लागल्यावरही येत होती. एका वर्षी भावांनी हक्कसोडपत्र स्टॅम्पवर तयार करून तिच्यासमोर ठेवलं. घर तिघांच्या नावावर लागू नये, यावर दोघांचं तेवढं एकमत झालं होतं. तिने ते वाचून घेतलं.

“आधी तुमची वाटणी करून आणा, मंग सही करते,” ती म्हणाली.

वाटणी झाली नाही. आत्या २००४ मध्ये वारली. दोन वर्षांनी मी घराचा उतारा काढला. मालकाच्या रकान्यात आजोबांचं नाव होतं आणि दोन वर्षांची घरपट्टी बाकी होती.