ओनात्सुकाकूंची नीळ

आमच्या खोऱ्यात कापड रंगवणाऱ्या ओनात्सुकाकू म्हणजे तोंडाच्या भारी फटकळ. जमिनीत पुरलेल्या निळीच्या रांजणांना त्या तांदळाची दारू पाजायच्या, त्याशिवाय नीळ नीट उतरत नाही. नवऱ्याने घोटभर मागितली की म्हणायच्या, "आधी तू रंग सोडून दाखव!" तो बिचारा गेला, मग एकुलता एक मुलगा जिन्पाची तेवढा उरला.

थोरले सरदार वारले आणि गादीवरून त्यांच्या दोन मुलांत जुंपली. घराणं एक, झेंड्यावरचं चिन्हही एकच. मग मारायचं कुणाला हे कळणार कसं? म्हणून मोठ्या भावाच्या माणसांनी खांद्याला पांढरी पट्टी बांधली, धाकट्याच्या माणसांनी निळी. निळ्या पट्ट्या काकूंनीच रंगवल्या, आणि जिन्पाचीला मात्र मोठ्याचे लोक ओढून घेऊन गेले. मला अजून संताप येतो. गादी त्यांची, मरायला पोरं आमची.

एका सकाळीत निकाल लागला. मोठा भाऊ पडला. हरलेले पळू लागले की बांबूचे भाले घेऊन त्यांना गाठायचं, मुंडकं नेऊन दिलं की बक्षीस, ही आमच्याकडची रीतच. गावची माणसं वाटा अडवून बसली.

दुपारी जिन्पाची नदी पोहून मागच्या दाराने आला. काकूंच्या हाताखाली काम करणारी मी तिथेच कापड पिळत होते. तो पांढरी पट्टी फेकायला निघाला तशा काकू खेकसल्या, "बिनपट्टीचा दिसलास तर कुणीही मारील, गाढवा!" पट्टी सोडून त्यांनी ती रांजणात पुन्हा पुन्हा बुचकळली. ती खांद्याला बांधतात न बांधतात तोच धाकट्याचा एक शिपाई दारात उभा.

नीळ रांजणातून निघते ती हिरवी. वारा लागला की मग सावकाश निळी होते. जिन्पाचीच्या खांद्यावर हिरवी पट्टी!

"हा कोण? आणि ही कसली पट्टी?" शिपायाने विचारलं.

काकूंनी मुलाच्या पाठीत धपाटा घातला. "हा माझा दिवटा! लढाई संपली नाही तोच आईकडे गिळायला आलाय. येताना नदीत पडला म्हणे! अरे, सरळ चालता येत नाही, भाला काय धरलास? बापावर गेलास, अगदी बापावर!" तोंड सुरू झालं ते थांबेचना. शिपाई आधी हसला. मग पट्टीकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत हिरवा रंग सरला आणि निळा चढला.

"निळीच आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

काकू माझ्याकडे वळल्या. "रंग बदलताना त्याने पाहिलं गं. आता चौघांना घेऊन येईल." पण पोराला पळवायचं तरी कुठे? प्रत्येक वाटेवर भाले होते. आम्ही तिघं दाराकडे डोळे लावून बसलो.

दिवस कलताना तो आला. चौघे नव्हते. पाठीवर एक जखमी पोरगा होता, त्याच्याच तोंडवळ्याचा, खांद्याला पांढरी पट्टी.

"मावशी," शिपाई त्याला खाली टेकवत म्हणाला, "माझा धाकटा भाऊ आहे. रंग उरलाय का हो?"

"उरलाय की," काकू उठल्या. "दार लाव आधी. आणि पट्टीला वारा लागेपर्यंत बसा दोघं इथंच, मी भात टाकते."