बेपत्ता सॉफ्टवेअर आणि आमचे साडू

माणसाला बसल्या जागी हादरवून सोडणारा आमच्या साडूंसारखा दुसरा इसम पिंपरीपासून चाकणपर्यंत शोधून सापडायचा नाही. आणि आपण कुणाला हादरवलं आहे हे त्यांच्या गावीही नसतं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आलेली असताना, कार्यालयातला एक पंखा कुरकुरतोय म्हणून ते पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत मेन बोर्डापाशी गेले आणि त्यांनी एक खटका खाली केला. दिवे गेले, माइक गेला, सनईची कॅसेट आचके देत थांबली. भटजी 'शुभमंगल'वर अडकले. त्या शांततेत अंतरपाटाच्या पलीकडून माझी होणारी बायको म्हणाली, "हे दाजीच असणार." लग्नात मी तिच्या तोंडून ऐकलेलं पहिलं वाक्य ते. पंखा मात्र त्यानंतर कुरकुरला नाही.

मूळचे लातूरकडचे. तरुणपणी नोकरीसाठी इकडे आले, चऱ्होलीत घर केलं, पण बोलण्यातला मराठवाडा काही त्यांनी सोडला नाही. एकदा माझे सासरे पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात होते, तर साडू दुपारभर भलत्याच वॉर्डात एका अनोळखी म्हाताऱ्याच्या उशाशी बसून आले. त्याला मोसंबी सोलून दिली, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, डॉक्टरांशी त्याच्या वतीने भांडलेही. घरी आल्यावर त्यांच्या बायकोने विचारलं, बाबा कसे आहेत, तेव्हा हे म्हणाले, "ते बरेच असतील, त्यांच्याकडं तुम्ही सगळे होता. ह्याच्याकडं कुणीच नव्हतं." म्हणजे वॉर्ड चुकल्याचं त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्या म्हाताऱ्याकडेच गेले. माझ्या मेहुणीने त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला. तो त्यांच्या लक्षात आला नाही.

आम्ही दोघं चाकणच्या एकाच कंपनीत. मी क्वालिटी खात्यात, ते सिस्टिम विभागाचे प्रमुख. गाड्यांचे ब्रेक बनवणारी आमची कंपनी. प्रत्येक ब्रेकचा प्रत्येक बोल्ट मशीनने किती घट्ट आवळला, याचा आकडा एक सॉफ्टवेअर मशीनकडून गोळा करतं आणि कायमचं जपून ठेवतं. ते राहतं सर्व्हरवर, आणि सर्व्हर राहतात एका थंडगार खोलीत. त्या खोलीत साडू चपला काढून जात. मोठ्या साहेबांना ते बिनदिक्कत 'काय भाऊ' म्हणत, पण सर्व्हरला मात्र अहो-जाहो. "उठा आता, लई झाली झोप," असं एका लोखंडी पेटीला अदबीनं सांगताना मी त्यांना ऐकलं आहे. पेटी उठली, हेही पाहिलं आहे.

तर त्या सोमवारची गोष्ट. दुपारी ग्राहक कंपनीचे लोक येऊन बोल्टांच्या नोंदी तपासणार होते. त्यात काही उणं निघालं असतं तर आमचा माल त्यांच्या दारातून परत आला असता. सकाळी साडूंच्या हाताखालच्या इंजिनिअर रोहिणी मॅडमनी कन्सोल उघडला. कन्सोल म्हणजे सगळे सर्व्हर आणि त्यांवरची सॉफ्टवेअर जिथून सांभाळायची तो कॉम्प्युटरवरचा पडदा. त्यावर सगळ्यांची नावं ओळीने दिसतात. बाकी सगळी होती, फक्त आमच्या सॉफ्टवेअरचं नाव नव्हतं. बंद पडलंय, लाल दिवा लागलाय, असं काही नाही. जणू ते कधी नव्हतंच. रोहिणीने पुन्हा उघडलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी नाही. मला फोन आला तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

बातमी दहा मिनिटांत कंपनीभर झाली. सर्व्हरच्या खोलीबाहेर गर्दी जमली. आमचे प्लांटहेड एरवी शांत गृहस्थ, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, "वाट कसली बघताय, सॉफ्टवेअर नव्याने टाका."

"नव्यानं टाकलं की जुन्या नोंदी पुसून जातील," साडू म्हणाले.

"आहेत कुठे जुन्या नोंदी? काहीच दिसत नाहीये."

यावर साडूंनी आत शिरलेल्या सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, "आलोच," म्हणाले आणि स्कूटर काढून कंपनीच्या गेटमधून चालते झाले. प्लांटहेड माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचे नातेवाईक आहेत ना? घेऊन या त्यांना."

फोन ते उचलत नव्हते. गेटवरच्या वॉचमनने सांगितलं, साहेब चौकाकडे गेले. मी निघालो आणि चौकात दोन्ही बाजूंच्या दुकानांत डोकावत राहिलो. साडू सापडले एका सलूनमध्ये. गळ्याभोवती कापड, डोळे मिटलेले, आणि न्हावी त्यांच्या मिशीला कलप लावत होता. डावी बाजू काळीभोर झाली होती, उजवी अजून पांढरी होती.

"साडूभाऊ," मी म्हणालो.

"बसा," ते म्हणाले. "असेंब्ली लाइनीवर फोन लावा. मशीनच्या स्क्रीनवर आकडे यायलेत का विचारा."

मी फोन लावला. आकडे येत होते.

"मंग सॉफ्टवेअर चालू हाय. त्याच्याशिवाय ते आकडे येतच नाहीत. पुसलं गेलेलं नाही." मग डोळे उघडून ते आरशात बघत म्हणाले, "शनिवारी रोहिणीनं कन्सोलची नवी आवृत्ती टाकली. मीच सांगितलं होतं. आपलं सॉफ्टवेअर जुन्या बनावटीचं. नव्या कन्सोलला ते ओळखूच येत नसंल."

ते उठले. न्हावी म्हणाला, "साहेब, दुसरी बाजू?"

"ऱ्हाऊ दे," साडू म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा प्लांटहेडच्या केबिनमध्ये रोहिणी उभी होती. शनिवारी कन्सोलला हात तिनेच लावला हे एव्हाना सर्वांना कळलं होतं, आणि तिला लेखी खुलासा द्यायला सांगितलं जात होतं. साडू तसेच, अर्धी मिशी काळी आणि अर्धी पांढरी, आत शिरले. प्लांटहेड बोलता बोलता थांबले.

"तिनं काही पुसलेलं नाही," साडू म्हणाले. "कन्सोल बदल असं मी सांगितलं. जुनं सॉफ्टवेअर त्यात दिसंल का, हे आधी बघायला पाहिजे होतं, ते माझ्याकडनं राहिलं. चूक माझी हाय. लिहून पाहिजे तर मी देतो."

भर बैठकीत 'चूक माझी' हे वाक्य आमच्या कंपनीत त्याआधी कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. प्लांटहेडनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रोहिणी भिंतीकडे बघत होती.

मग खोली उघडली. नवा कन्सोल टाकला तरी जुना त्याच कॉम्प्युटरवर अजून शाबूत होता. साडूंनी रोहिणीलाच खुर्चीवर बसवलं आणि तो उघडायला लावला. नाव आलं. हिरव्या ठिपक्यासकट, सगळ्या नोंदींसकट, काही झालंच नाही अशा थाटात. रोहिणी रडली. दुपारी ग्राहकाचे लोक आले. साडूंनी त्यांना एकेक नोंद काढून दाखवली. त्यातला एकजण सबंध वेळ त्यांच्या मिशीकडे पाहत होता, पण विचारायची त्याची काही छाती झाली नाही.

साडू आता निवृत्त झाले. चऱ्होलीचं घर आवरून गावी जायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. सामान बांधून झालं होतं. गॅलरीत आम्ही दोघंच बसलो होतो, समोर एक नवी इमारत उभी राहत होती. मी म्हणालो, "तुमच्यासारखं थंड डोकं मी दुसरं पाहिलं नाही. एवढ्या गोंधळात खुशाल कलप लावायला गेलात."

"थंड कशाचं," ते म्हणाले. "हात थरथरायलते. तसल्या हातानं सर्व्हरला शिवायचं नसतं. आणि तुम्हा सगळ्यांसमोर थरथरावं तर रोहिणीचा धीर सुटला असता. सलूनमधल्या खुर्चीत बसलं की हात कापडाखाली ऱ्हातात, कुणाला दिसत नाहीत."

इतक्या वर्षांच्या नात्यात हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

आता रविवारी गावाकडून त्यांचा फोन येतो. ज्वारी कशी आहे, विहिरीला पाणी किती आहे, ते सांगतात. कंपनीचं मी आपण होऊन सांगितलं तर ऐकतात. मग दोघांकडचंही बोलणं संपतं, पण फोन कुणीच ठेवत नाही. तिकडे लांब कुठेतरी विहिरीवरची पाण्याची मोटार चालू असल्याचा आवाज येत असतो. मी तो ऐकत बसतो.