जळका खटका आणि जावयाचा शब्द

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. आमच्या ह्यांनी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली, तिच्यात झोपायला बाकं, पंखा आणि दिवे बसवले आणि जाहीर केलं, "इंदूर ते अजिंठा, आपल्याच घरात झोपत जायचं." वायरिंगही स्वतःच केलं. हौसेला मोल नसतं.

गाडीत दोन बॅटऱ्या होत्या, एक इंजिनाची, दुसरी पंख्या-दिव्यांची. मध्ये एक खटका. गाडी चालताना तो लावायचा, म्हणजे दोन्ही चार्ज होतात. मुक्कामी पाडायचा, म्हणजे रात्रभर पंखा फिरला तरी इंजिनाची बॅटरी शाबूत.

घाट उतरून सोनगीरला आलो तर दिवे मिणमिणायला लागले. दुसरी बॅटरी चार्जच होत नव्हती. ढाब्यावर शेवभाजी येईपर्यंत ह्यांनी बाकाखाली डोकं घातलं, मी विजेरी धरली. खटक्याची पट्टी जळली होती. ह्यांनी त्याला बगल देऊन जाड लाल वायर थेट जोडली. पुढे धुळ्यापर्यंत दिवे लख्ख! शेवभाजी मात्र जपून खा, नाकातून पाणी येतं. पारोळ्याकडचा रस्ताही तेव्हा खड्ड्यांचाच होता.

एरंडोलजवळ माझ्या मामांच्या, म्हणजे नानांच्या मळ्यात मुक्काम केला. भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर झाली. मळ्यात वीज नव्हती. टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा आणि ट्रॅक्टर नेमका बाहेरगावी गेला होता. नानांची सून सुमन भीत भीत म्हणाली, "भाऊजी, तुमनी बॅटरी चालई का?"

"खुशाल लावा. दोन आहेत," हे म्हणाले आणि रुबाबात खटका पाडून दाखवला.

सकाळी गाडी ढिम्म. सुमनचे वडील पहूरला आजारी होते. आमची सोबत आहे म्हणून तिला माहेरी जायला मिळणार होतं. ती पिशवी घेऊन उभी असतानाच हे सगळ्यांसमोर म्हणाले, "टीव्हीनं बॅटरी खाल्ली."

नाना तिच्यावर उखडले. "तूच टीव्ही लाया ना? आते माहेर ऱ्हाऊ दे."

मी ह्यांच्या कानाशी म्हटलं, "सोनगीरची लाल वायर. खटका पाडला तरी दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच होत्या." हे बाकाखाली वाकले, वायर सोडवली आणि खिशात घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाना," मी म्हटलं, "खटका जळका होता. चूक ह्यांची आहे."

"जावईना शब्द खोटा पाडानं नही, बाई. टीव्ही तिनीच लाया."

"मग सुमन आल्याशिवाय मीही जात नाही."

नानांनी सुमनला पिशवी गाडीत ठेवायची खूण केली. मळ्यातल्या लोकांनी गाडीला धक्का दिला, त्यांच्यात सुमनही होती. पहूरला उतरताना तिनं ह्यांच्या पाया पडून म्हटलं, "भाऊजी, चुकनं मनं."

हे म्हणाले, "असू दे."

अजिंठ्याची चित्रं सुंदरच आहेत, पण माझं लक्ष नव्हतं. कोणाला अशी गाडी करायची असेल तर एवढंच सांगते, जळका खटका बदला, त्याला बगल देऊ नका.

इंदूरला आल्यावर ह्यांनी नवा खटका बसवला आणि शेजाऱ्यांना कौतुकानं दाखवला. मी म्हटलं, "एकदा एरंडोलला जाऊन नानांना खरं सांगून या."

"आता कशाला? सुमन विसरलीही असेल."

त्यानंतर नानांकडची दोन लग्नं झाली. दोन्ही वेळा आमंत्रण द्यायला सुमनच आली, आणि दोन्ही वेळा मी काहीतरी निमित्त काढून लग्नाला जाणं टाळलं. तिच्यासमोर ह्यांच्या शेजारी उभं राहायची मला लाज वाटते.